हार्लन मीक्सचा इंग्लंड दौरा

दक्षिणेकडच्या मार्गेटहून व्हॅन निघाली तेव्हापासून दौरा काढणाऱ्या लव्हलॉकचं तोंड चालू होतं. कागदी वाटीत थिजलेल्या रश्शातले वाम माशाचे तुकडे. लाकडी चमच्यानं तो एकेक उचलायचा, ओठ पुढे करून सुर्रकन आत ओढायचा आणि काटा खिडकीतून बाहेर थुंकायचा. काटा दर वेळी खिडकीतून जातच असे असं नाही. मागच्या बाकावर बसलेल्या एव्हर्टनच्या गुडघ्यावर एक येऊन पडला होता आणि तो उडवायला बोट लावायचीही त्याला किळस येत होती.

"खातोस का रे, राजा?"

"नको."

"असं तुटक नाही बोलायचं. 'नको साहेब, फार आभारी आहे,' असं लांबवून, हसून म्हणायचं. अमेरिकेतला माणूस आहेस तू. एकटा असलास तरी सवय मोडू नकोस."

एव्हर्टन पिनॉकनं अमेरिका नकाशात पाहिली होती, तेवढीच. जन्म जमैकाचा. दहाव्या वर्षी आईचं बोट धरून बोटीतून उतरला तो थेट बर्मिंगहॅमला खेटून असलेल्या स्मेदिकमध्ये. तिथंच वाढला, तिथल्याच ओतशाळेत कामाला लागला. बोलणंही तिथलंच झालं, शब्दाचं शेपूट खाली सोडणारं, जरा रडकं. लंडनवाल्यांना ती बोली उत्तरेकडची वाटे, उत्तरेकडच्यांना दक्षिणेची, आणि दोघांनाही ऐकून हसू येई.

शनिवारी संध्याकाळी तो एका दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत गायचा. तिथंच लव्हलॉकनं त्याला हेरलं. त्या दिवशी एव्हर्टन हार्लन मीक्सचं 'दुसरी पाळी' गात होता.

हार्लन मीक्स हा ओहायोतल्या टोलेडो गावचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या गाण्यांच्या दोन तबकड्या निघाल्या, अमेरिकेत कुणी विचारल्या नाहीत, आणि तो विषय तिथं मिटला. पण जहाजावरच्या खलाशांबरोबर, सैनिकांच्या सामानातून त्यातल्या थोड्या इंग्लंडात आल्या. 'दुसरी पाळी' म्हणजे मोटारीच्या कारखान्यात काम करणाऱ्या नवराबायकोचं गाणं. ती सकाळी जाते, हा दुपारी जातो, दोघांची गाठ फक्त फाटकात पडते. ती बाहेर येताना, हा आत जाताना. चाल अशी धावती की पाय जागेवर राहू नयेत, आणि आवाज असा की मागे कुणीतरी खरोखर गाडी पकडायला पळतंय. एव्हर्टननं ती तबकडी झिजेपर्यंत ऐकली होती. मीक्स श्वास कुठं घेतो, कुठं घ्यायचा चुकतो, सगळं त्याला पाठ होतं.

"मीक्सला विमानाची भीती वाटते," लव्हलॉकनं त्याला सांगितलं होतं. "त्याची परवानगी आहे माझ्याकडे. तू त्याच्यावतीनं गायचंस. यात फसवणूक कसली? शाळेत बाई आजारी पडल्या तर दुसऱ्या बाई येतात की नाही?"

एव्हर्टनला ते पटलं, कारण त्याला ते पटवून घ्यायचं होतं. ओतशाळेतून त्यानं दोन आठवड्यांची रजा काढली. आईला सांगितलं, बँडबरोबर जातोय. ते खोटं नव्हतं.

मग लव्हलॉकनं कोट दिला. निळा, चमचमता, सापाच्या कातडीसारखा. आधी तो कुणा विनोदी नटाचा होता म्हणे. काखेत त्या नटाचा घाम असा मुरला होता की एव्हर्टनला स्वतःचा घाम सुटला की त्याचाही ओला होऊन वास मारायला लागे. दोन माणसांचा घाम एका अंगावर. रोज तो घालताना एव्हर्टन तोंडानं श्वास घ्यायचा.

मार्गेटला ज्या घरात उतरायचं होतं तिथली मालकीण दारातच आडवी उभी राहिली होती. एव्हर्टनकडे न बघता ती लव्हलॉकला म्हणाली, "खोली भरली."

"अरेरे," लव्हलॉक म्हणाला, "मिस्टर मीक्स इतक्या लांबून, अमेरिकेहून आले आणि..."

"अमेरिकेहून?" बाईचा चेहरा दिवा लावावा तसा उजळला. "अगंबाई! मग आधी नाही का सांगायचं? मला वाटलं हा आपला इथलाच तो... असो. या ना, या. अंडं कसं आवडतं तुम्हाला?"

सकाळी तिनं स्वतः दोन अंडी तळून आणली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, तिकडे तुमच्या लोकांना फार त्रास देतात ना हो? आम्ही वाचतो पेपरात. एव्हर्टननं मान डोलावली. अंडं त्यानं बशीतच ठेवलं. तो स्मेदिकचा म्हणून दारात उभा राहिला असता तर तिनं कडी लावून घेतली असती, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. निदान त्याला तरी.

दक्षिणेतले कार्यक्रम असेच गेले. लोक टेबलांशी बसून खायचे, बायकांच्या कानात कुजबुजायचे, मध्येच कुणीतरी ओरडायचं, "अरे, रेडिओवरचं काहीतरी गा!" हार्लन मीक्स कोण, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. काळा माणूस, चमकता कोट, मागे चार वादक. पुरेसं होतं. साउथएंडला एका पोरानं त्याला सांगितलं, "ही धावपळीची गाणी जुनी झाली रे, आता लंडनमध्ये सगळं संथ आणि जड चालतं." एव्हर्टननं 'दुसरी पाळी' गाताना दुसरं कडवं गाळलं. कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तिसरंही गाळलं.

उत्तरेच्या वाटेवर स्टोकला थोडा फरक पडला. तिथं पोरं रंगमंचाला खेटून उभी होती आणि कडवं गाळल्यावर दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं. व्हॅनमध्ये ढोल वाजवणारा नायजेल म्हणाला, "मिस्टर लव्हलॉक, जसजसं वर जातोय तसतसं या लोकांना जास्त कळतंय. मला भीती वाटते."

"लंडन सोडलं की पुढे सगळी मेंढरं," लव्हलॉक म्हणाला. "मेंढरांना काय कळतं?"

हार्डशॉ हे उत्तरेकडच्या लँकशायरमधलं गिरणगाव. रविवारी दुपारी कार्यक्रम होता. सार्वजनिक पोहण्याच्या हौदावर हिवाळ्यात फळ्या टाकून तिथं नाचाची जागा केलेली. खाली पाणी सोडलेलं नव्हतं तरी औषधाचा वास फळ्यांच्या फटीतून वर येत होता. बाहेर बसगाड्यांची रांग लागली होती. न्यूकॅसलची, नॉटिंगहॅमची, एक तर पार स्कॉटलंडची. पोरं खांद्याला कापडी पिशव्या लावून उतरत होती. पिशवीत टॉवेल, बदलायला बनियन, टाल्कम पावडरचा डबा.

एव्हर्टननं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि तसाच उभा राहिला. कार्यक्रमाला अजून वेळ होता, नुसत्या तबकड्या लागत होत्या. पण असं नाचताना त्यानं कधी कुणाला पाहिलं नव्हतं. जोडीबिडी काही नाही. प्रत्येक जण आपल्यापुरता. फळ्यांवर पावडर भुरभुरलेली, त्यावर बूट सरकत होते, एखादा गर्रकन भोवरा व्हायचा, मागे पाठीवर पडतोय असं वाटेपर्यंत पडायचा आणि ठेक्यावर उभा. कुणी पीत नव्हतं. कुणी गप्पा मारत नव्हतं. गिरणीत, खाणीत, बिस्किटाच्या कारखान्यात आठवडाभर राबलेली पोरं होती ही. तोंडावर असा भाव, जणू प्रार्थनेला आलीत.

मग 'दुसरी पाळी' लागली. आख्ख्या हौदातून एक आवाज उठला. मीक्स जिथं श्वास घ्यायला चुकतो, अगदी तिथं, शेकडो हातांनी एकच टाळी वाजवली.

आतापर्यंत ज्यांना फसवलं त्यांना काही पडलीच नव्हती. पण इथं? या माणसांसमोर हा घाणेरडा कोट घालून जायचं? असा मीक्स बनून आला नसता तर त्याला याच लोकांना मिठी मारावीशी वाटली असती. कपडे बदलायच्या फरशीच्या खोलीत जाऊन तो बाकावर बसून राहिला.

दारावर टकटक झाली. एक मुलगी आत आली. विशीबाविशीची, आखूड केस, घेरदार झगा, आणि हनुवटी अशी की वाद घालायला आधीच पुढे काढलेली.

"मी थेल्मा ऑर्मरॉड. बर्नर्ड एंटविसलची... त्याच्याशी लग्न ठरलंय माझं." बर्नर्ड म्हणजे इथला आयोजक, हे एव्हर्टनला माहीत होतं. "दोन मिनिटं बोलू का, मिस्टर मीक्स?"

"जरूर, मॅडम," एव्हर्टन शब्द लांबवून म्हणाला.

"टोलेडोला थंडी फार असेल नाही?"

"आहे थोडीफार, मॅडम."

"अजून त्या मोटारीच्या कारखान्यातच आहात?"

"गाण्यातून वेळ मिळेल तसा."

"आणि बायको? बरी आहे?"

"मजेत आहे, मॅडम. तिनं तुम्हा सगळ्यांना नमस्कार सांगितलाय."

थेल्मानं दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकवून उभी राहिली.

"मजेत आहे," ती म्हणाली. "नवरा नोव्हेंबरात गेला आणि बाई मजेत आहे. वा!"

एव्हर्टनला आधी कळलंच नाही. मग त्याच्या तोंडून त्याची स्वतःची भाषा बाहेर पडली. "कोण गेला? कोण गेला म्हणतेस तू?"

"अगंबाई! हा तर बर्मिंगहॅमकडचा!" थेल्मा क्षणभर राग विसरून बघत राहिली. "माझी मावशी दिलीय तिकडंच डडलीला, मला ही रडकी बोली पाठ आहे. अरे, मेलेल्याच्या जागी तोतया आणायचा तर निदान अमेरिकेतून तरी आणायचा!"

"कोण गेला ते सांग आधी."

तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला असावा, कारण पुढचं ती हळू बोलली. बर्नर्डचा काका मालवाहू जहाजावर असतो, तिकडून तबकड्या आणतो. या खेपेला तो मुद्दाम टोलेडोला मीक्सच्या घरी गेला होता, एखादी जुनी तबकडी मिळते का बघायला. बायकोनं दार उघडलं. म्हणाली, तुम्ही उशिरा आलात, नोव्हेंबरात कारखान्यातच छातीत कळ येऊन गेले. आणि इंग्लंडात त्यांना कुणी ओळखतं हे ऐकून ती दारातच खाली बसली. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मीक्सलाही नाही.

"त्याला माहीतच नव्हतं?" एव्हर्टननं विचारलं. "हे सगळं... हे लोक? ती टाळी?"

"काही माहीत नव्हतं त्याला."

"मला सांगितलं, त्याला विमानाची भीती वाटते. परवानगी दिलीय म्हणाला."

"आणि तू ऐकलंस."

"ऐकलं," एव्हर्टन म्हणाला. त्याला स्वतःच्याच तोंडाची चव नकोशी झाली.

"मी येताना ठरवून आले होते, तुझ्या थोबाडात मारायची," थेल्मा म्हणाली. "आता तुझ्याकडे बघून तेही करवत नाही. चल. बर्नर्डला सांगू. तो एका मिनिटात त्या लंडनवाल्याला हाकलेल बाहेर. आमच्याकडे असला धंदा चालत नाही. तुमच्या दक्षिणेत चालत असेल."

"मी दक्षिणेतला नाही."

"आमच्या खालचं सगळं दक्षिणच."

आयोजकाच्या खोलीचं दार उघडंच होतं. टेबलावर एका मोठ्या बशीत थंड वजडी होती, पांढरी, जाळीदार, वर सढळ हातानं ओतलेला व्हिनेगर. बर्नर्ड एंटविसल आणि लव्हलॉक एकाच बशीत काटे घालून खात होते. लव्हलॉकच्या हनुवटीवरून व्हिनेगर ओघळत होता.

"ये ये," तो एव्हर्टनला म्हणाला. "काय चीज आहे ही! मी उगाच या लोकांना नावं ठेवत होतो."

"बर्नर्ड," थेल्मा म्हणाली, "हा मीक्स नाही. स्मेदिकचा कुणीतरी आहे. या माणसानं त्याला मीक्स म्हणून फिरवलंय."

बर्नर्डनं तोंडातला घास चावून संपवला. तो तिशीचा, गोरापान, नीटनेटका माणूस होता. या भागात तबकड्यांबद्दल त्याचा शब्द शेवटचा समजत. "थेल्मा," तो म्हणाला, "तुला म्हटलं होतं ना, सोमवारपर्यंत गप्प बस."

"ते काकांनी सांगितलेलं. मीक्स गेला ते. तू म्हणालास, मेल्याचं सांगून लोकांचा विरस नको, मीक्स येऊ शकला नाही एवढंच आपण दारात सांगू..." बोलता बोलता ती थांबली. "तुला माहीत होतं? कुणीतरी दुसराच येणार हे?"

"अगं, मेलेला माणूस कसा येईल? मी शुक्रवारीच मिस्टर लव्हलॉकना फोन केला. ते म्हणाले, पोरगा आवाज हुबेहूब काढतो. स्कॉटलंडहून बस भरून येतात लोक. त्यांना काय परत पाठवू?"

"लंडनवाले चोर, लंडनवाले चोर. तीन वर्षं हेच ऐकवतोयस मला! आपल्याकडे अस्सल तेच चालतं म्हणे. तबकडीचं लेबल खोटं निघालं तर माणसाला दाराबाहेर काढायचास तू!"

"तबकडीची गोष्ट वेगळी," बर्नर्ड अगदी मनापासून म्हणाला. "तबकडी खोटी चालत नाही."

थेल्मा त्याच्याकडे बघत राहिली. शेणात पाय पडल्यावर माणूस बुटाकडे बघतो तशी.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?" एव्हर्टननं लव्हलॉकला विचारलं.

"काय, मेल्याचं? ख्रिसमसपासून. त्याशिवाय मी हा दौरा काढला असता?" लव्हलॉकनं काट्याला वजडीचा मोठा तुकडा टोचला. "जिवंत माणसाचं नाव वापरलं की वकिलाचं पत्र येतं. मेलेला काय करतो? पडून राहतो बिचारा. तोंड नको पाडूस, राजा. तुझ्याइतकं चांगलं आता जगात कुणी गात नाही ते गाणं. खरं तर तुझी बढती झाली!"

तो खदखदून हसला. बर्नर्ड हसला नाही, पण हसू दाबायला त्यानं घड्याळाकडे पाहिलं ते एव्हर्टनला दिसलं. दोघांचे काटे पुन्हा एकाच बशीत गेले. एव्हर्टन वळला आणि चालू लागला.

"कुठं निघालास?" मागून लव्हलॉक.

"गायला. माझी वेळ झाली."

वादक आधीच वर उभे होते. एव्हर्टन येताच हौद दणाणला. "मीक्स! मीक्स!" पुढची पोरं पाय आपटत होती, फळ्यांखालचा रिकामा हौद ढोलासारखा घुमत होता. नायजेलनं काड्या उचलल्या. एव्हर्टननं त्याला हातानं थांबवलं. मग त्यानं तो निळा कोट काढला, जमिनीवर टाकला आणि बोलायला लागला. स्वतःच्या बोलीत.

"माझं नाव एव्हर्टन पिनॉक. मी स्मेदिकचा."

मागे कुणीतरी हसलं.

"हार्लन मीक्स नोव्हेंबरात वारला. कारखान्यात, कामावर असताना. त्याची बायको आहे तिकडं. तुम्ही इथं त्याच्या गाण्यावर नाचता हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला कळलंच नाही. मला त्याच्या नावानं आणलं. मी आलो. हे मला आज कळलं, पण मी मीक्स नाही हे मला पहिल्यापासून माहीतच होतं. तेव्हा..."

माफी मागावी तर कुणाची? जिची मागायला हवी होती ती बाई टोलेडोला होती.

त्याला वाटलं, आता एखादी बाटली येईल. येऊ दे. ती डोक्यात बसली तर बरंच, असंही त्याला वाटून गेलं. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं "हराम्या!" म्हणून शिवी हासडली. एक मुलगी रडायला लागली. कुणी म्हणालं, मेला? खरंच मेला? दोनचार जणांनी टोप्या काढल्या. क्षणभर वाटलं, आता खरंच काहीतरी होणार.

मग डाव्या भिंतीकडून एक खणखणीत, रागावलेला आवाज आला. "अरे, मग मूळ तबकडी लावा की! दुपार कशाला वाया घालवताय?"

"लावा! तबकडी लावा!"

आणि ती लागली. मेलेल्या माणसाचा आवाज कर्ण्यांतून धावत सुटला, गाडी पकडायला निघालेला, फाटकाशी बायको दिसतेय का बघणारा. चारदोन ठेके लोक घुटमळले. मग एक जण भोवरा झाला. मग दहा. कडवं संपायच्या आत सगळा हौद भरून नाचत होता. टोप्या काढलेले टोप्या खिशात कोंबून नाचत होते. रडणारी पोरगी गाल पुसत पुसत पाय सरकवत होती. श्वास चुकायची जागा आली आणि शेकडो हातांची टाळी पडली. अचूक.

एव्हर्टन रंगमंचावर तसाच उभा होता. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. शिव्या द्यायलासुद्धा नाही. थोड्या वेळापूर्वी याच लोकांना फसवायची त्याला लाज वाटली होती, आणि आता त्यांच्या अंगाला येणारा पावडर आणि घामाचा गोडूस वास त्याला सोसवेना. साउथएंडच्या त्या जेवणाऱ्या लोकांना निदान काही माहीत नव्हतं. यांना सगळं माहीत होतं. बायकोचं, कारखान्याचं, श्वासाचं. सगळं ऐकून घेऊन ते नाचत होते.

नायजेल काड्या पिशवीत घालत म्हणाला, "चल बाबा. आपलं काम संपलं." पण त्याचंही बोट ढोलाच्या कडेवर ठेका धरून होतं.

खाली भिंतीशी थेल्मा उभी होती. हाताची घडी, ओठ आवळलेले. आणि झग्याखाली तिचा उजवा पाय ठेक्यावर हलत होता. तिचं लक्ष त्याच वेळी पायाकडे गेलं. तिनं दुसऱ्या पायाची टाच त्यावर दाबली आणि आपला कोट घ्यायला निघून गेली.

बाहेर पायऱ्यांवर ती त्याला पुन्हा भेटली. थंडी होती, उजेड अजून होता, बसचालक एकमेकांना सिगरेटी देत उभे होते. थेल्मा बोटातली अंगठी फिरवून काढायचा प्रयत्न करत होती.

"निघत नाहीये," ती म्हणाली. "साबण लागेल. घरी गेल्यावर बघते."

"घाई करू नकोस."

"तू मला सांगू नकोस!" मग जरा थांबून, "पुढच्या रविवारी मी येणार नाही, असं आता वाटतंय. पण मी मला ओळखते. आठवडाभर कारखान्यात बिस्किटांवर साखर शिंपायची, आणि रविवारी काय करायचं? घरी बसून आईचा खोकला ऐकायचा?" तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं रस्त्याच्या कडेला थुंकून टाकलं. "काय माणसं आहोत रे आपण."

ती चालत गेली, मागे न बघता.

लव्हलॉकची व्हॅन केव्हाच गेली होती, एव्हर्टनची पिशवी घेऊन. तो कोटाशिवाय, शर्टावर उभा होता. बर्मिंगहॅमजवळच्या वुल्व्हरहॅम्प्टनहून आलेल्या बसमधल्या पोरांनी त्याला हाक मारली. आपल्याकडचाच आहे, स्मेदिकला सोडू त्याला, एवढं तर करायला हवं. एकानं अंगावर घ्यायला आपला टॉवेल दिला. तो ओला होता.

बसभर चर्चा चालली होती. पोरं वाईट नव्हती, हीच अडचण होती. त्यांनी त्याला चहा दिला, सँडविच दिलं. एक लालकेस्या पोरगा पुढच्या बाकावरून मागे वळून बसला आणि म्हणाला, "मानलं तुला. भर सभेत खरं बोललास. पण एक सांगतो, राग मानू नकोस. जरा आधी गाऊन घेतलं असतंस आणि मग सांगितलं असतंस, तर दोन्ही झालं असतं."

"ती बाई दारात खाली बसली," एव्हर्टन म्हणाला. "ते ऐकलंस ना?"

"ऐकलं की. वाईट वाटलं," पोरगा म्हणाला, आणि त्याला खरंच वाटलं होतं. मग त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "अरे, म्हणजे आता मीक्सची तिसरी तबकडी कधीच येणार नाही! ज्या आहेत त्यांचा भाव बघ आता कसा चढतो ते!"

एव्हर्टन उठला आणि चालकापाशी गेला. गाडी थांबवा म्हणाला. चालकानं आरशातून त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता गाडी कडेला घेतली. कुंपणाला धरून एव्हर्टन ओकला. सँडविच त्यानं खाल्लं नव्हतं, सकाळपासूनही पोटात फारसं काही नव्हतं, नुसतं आंबट पाणी आलं. मागे खिडक्यांतून पोरं काळजीनं विचारत होती, बरं आहे ना रे? पाणी देऊ? त्यानं हातानंच त्यांना जा म्हणून सांगितलं. बरीच समजूत घातल्यावर ती गेली. मग तो पुढच्या गावापर्यंत चालला आणि तिथून मिळेल ती बस धरून घरी पोचला.

ओतशाळेत तो रजा संपायच्या आधीच हजर झाला. आईनं विचारलं, बँडचं काय झालं? तो म्हणाला, जमलं नाही. लव्हलॉक एकदा उन्हाळ्यात ओतशाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. हातात सॉसेजचा पाव. आणखी एक गाणारा माणूस मेला होता, अमेरिकेतल्या जॉर्जियात, त्याचाही आवाज एव्हर्टनच्या पट्टीतलाच. एव्हर्टननं त्याच्या हनुवटीवर लागलेली मोहरीची चटणी बघितली, आत गेला आणि पुढे आठवडाभर मागच्या दारानं ये-जा केली.

गाणं त्यानं सोडलं नाही. शनिवारी तो गुत्त्याच्या मागच्या खोलीत गायचाच, स्वतःच्या शर्टात, स्वतःच्या नावावर. ऐकायला असतील नसतील तेवढे लोक. 'दुसरी पाळी' गा म्हणून फर्माईश आली की तो आधी सांगायचा, हे गाणं टोलेडोच्या हार्लन मीक्सचं, तो कारखान्यात कामावर असताना वारला, त्याची बायको अजून तिथं आहे. दर वेळी सांगायचा. पहिल्यांदा लोक गप्प राहून ऐकायचे. पुढेपुढे कोपऱ्यातला एक म्हातारा ग्लास टेबलावर आपटून म्हणायला लागला, "झालं का तुझं प्रवचन? गा आता!" आणि खोली हसायची.

एव्हर्टन हसणं संपेपर्यंत थांबायचा. मग भिंतीकडे बघून गायचा, तिन्ही कडवी, एकही न गाळता.